फिकट रंगाचे तालुके

बार्शी, परांडा आणि भूम. पहिला तालुका सोलापूर जिल्ह्यातला, बाकीचे दोन पूर्वीच्या उस्मानाबादचे, आताच्या धाराशिवचे. ज्वारी, तूर, हरभऱ्याचा मुलूख. पाऊस झाला तर झाला. या तीन तालुक्यांमधल्या ३४६ गावांची एक वही १९८७ सालापासून बार्शीत लिहिली जाते. कुठल्या गावात कुणाला कोणत्या अवयवाचा कॅन्सर झाला, तो कधी कळला, माणूस आहे की गेलं, एवढंच तिच्यात असतं. भारतातल्या खेड्यांसाठी सुरू झालेली ही पहिली कॅन्सर नोंदणी. मुंबईची वही हिच्याहून जुनी, १९६३ सालची. डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकारानं इंडियन कॅन्सर सोसायटीनं ती सुरू केली, आणि देशातली ती पहिलीच.

या दोन वह्या शेजारी शेजारी उघडून बसलं की पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती बायकांच्या पानांवर. मुंबईच्या पानावर स्तनाचा कॅन्सर सगळ्यांत वर आहे. बार्शीच्या पानावर वर्षानुवर्षं गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर वर राहिला, स्तनाचा त्याच्या बराच खाली. राज्य तेच, भाषा तीच, अंतर एका रात्रीच्या एसटीचं. तरी शहरातल्या बाईला हा आजार होण्याचं प्रमाण खेड्यातल्या बाईच्या जवळपास दुप्पट. हे पुस्तक त्या फरकाचा माग काढत गेलं आणि शेवटी भलतीकडेच पोचलं. कुठे पोचलं ते पुढच्या प्रकरणांत येईलच. ते लिहायला मी का बसले, हे मात्र इथेच सांगायला हवं.

आमचं गाव माढा तालुक्यात. बार्शीची हद्द आमच्या शिवारापासून तासाभराच्या चालीवर. थोरल्या चुलतीला आम्ही सगळी भावंडं मोठी आई म्हणायचो. १९९१ च्या दिवाळीत तिची लेक भाऊबिजेला माहेरी आली. आईला न्हाऊ घालायचं म्हणून तिनं चुलीवर पाणी ठेवलं, तेल कोमट केलं, उटणं भिजवलं. मोठी आई काही केल्या पोलकं काढेना. "पाठीला लाव, तेवढं पुरं," म्हणत राहिली. लेकीनं ऐकलं नाही. पोलक्याच्या आत जुन्या धोतराची चौपदरी घडी होती, हळदीनं पिवळी झालेली, मधोमध ओली. डावा स्तन दगडासारखा घट्ट. कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत, आणि एका जागी फुटलेली.

"किती दिवस झालं?"

"दोन उन्हाळे."

"सांगितलं का नाहीस?"

"दुखतच नव्हतं गं. मग सांगायचं काय आन् कुणाला?"

मराठीत यासाठी फार अचूक शब्द आहे: अंगावर काढणं. ताप अंगावर काढतात, बाळंतपणानंतरची कंबरदुखी अंगावर काढतात, अंगावरून पांढरं जाणं तर पिढ्यान्‌पिढ्या अंगावरच काढलं जातं. स्तनातली गाठ या सगळ्यांत घातकी, कारण सुरुवातीला ती बहुधा दुखत नाही. दुखलं असतं तर मोठी आई बोलली असती. तिनं आयुष्यात दुखण्याची रीत एकच ओळखली होती. काम करता येत नाही ते दुखणं, बाकी सगळं चालायचं.

तिला दवाखान्यात नेलं, पुढच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे सांगितलं की आता फार पसरलंय. शेक घ्यायला सांगितला. अर्धा घेतला आणि ती घरी परत आली. आषाढी एकादशीच्या आधी गेली. ग्रामपंचायतीच्या मृत्यूच्या नोंदीत कारणाच्या रकान्यात एकच शब्द आहे: ताप. मी ती नोंद पुढे अनेक वर्षांनी, वारसाच्या कागदांच्या निमित्तानं पाहिली. आमचं घर तासाभराची वाट ओलांडून पलीकडे असतं तर मोठी आई बार्शीच्या वहीत गेली असती. तिचं वय, गाव, आजाराची पायरी, सगळं लिहिलं गेलं असतं. ती माढ्याची निघाली, म्हणून ती कुठेच नाही. महाराष्ट्राचा स्तनाच्या कॅन्सरचा नकाशा रंगवायला घेतला तर आमचा तालुका फिकट येईल, आणि त्या फिकेपणात ती आहे.

आता आकड्यांकडे येऊ. ते मला आवडतात, आणि वाचकालाही घाबरवणार नाहीत अशी आशा आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनं १९८१ साली राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रम सुरू केला. त्याचा २०१२ ते २०१६ या वर्षांचा अहवाल २०२० साली आला. तेव्हा देशात २८ नोंदणी केंद्रं होती आणि त्यांच्याखाली येणारी लोकसंख्या होती साधारण दहा टक्के. या अहवालात स्तनाच्या कॅन्सरचा दर सर्वांत जास्त निघाला हैदराबाद जिल्ह्यात: एक लाख बायकांमागे वर्षाला ४८. मागोमाग चेन्नई ४२.२, बेंगळुरू ४०.५, दिल्ली ३८.६. आता त्याच अहवालातला दुसरा एक आकडा घ्या. उस्मानाबाद आणि बीड हे दोन जिल्हे मिळून बायकांमधल्या सगळ्या कॅन्सरचा, म्हणजे तोंडाचा, पोटाचा, गर्भाशयाचा, स्तनाचा, रक्ताचा, सगळा एकत्र धरून दर होता ४९.४. देशातला सर्वांत कमी. हैदराबादच्या बाईला एकट्या स्तनाच्या कॅन्सरचा जितका धोका, जवळजवळ तितकाच बीड-उस्मानाबादच्या बाईला सगळ्या कॅन्सरचा मिळून. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक असेल असं वाटलं होतं. ती चूक नव्हती.

हे दर कसे काढतात ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील. कॅन्सर हा मुख्यतः वाढत्या वयाचा आजार. ज्या गावातली तरणी मंडळी पुण्याला कंपनीत गेली आणि मागे म्हातारी माणसं उरली, तिथे कॅन्सरचे रुग्ण जास्त दिसणारच. ज्या वस्तीत नुकती लग्न झालेली जोडपी राहतात तिथे कमी. मग दोन गावांची तुलना करायची कशी? यावर जपानचे मित्सुओ सेगी यांनी १९६० च्या सुमाराला तोडगा पुढे आणला. सगळ्या जगासाठी एक काल्पनिक लोकसंख्या धरायची, तिच्यात लहान, तरुण, म्हातारे यांचं प्रमाण ठरवून टाकायचं, आणि प्रत्येक गावाच्या आजाराचा हिशेब त्या एकाच साच्यातून काढायचा. वर दिलेले दर असे वयाचा फरक पुसून काढलेले आहेत. म्हणजे बीडमध्ये बायका तरुण आहेत म्हणून आकडा कमी, असं म्हणायची सोय उरत नाही.

याच ठिकाणी एक समज दुरुस्त करते. "परदेशात हा आजार साठीनंतर होतो, आपल्याकडे चाळिशीतच गाठतो" हे वाक्य डॉक्टरांच्या तोंडूनही ऐकू येतं. आपल्याकडे रुग्णांचं सरासरी वय पाश्चात्त्य देशांपेक्षा सुमारे दहा वर्षांनी कमी आहे, हे खरं. पण त्याचं मोठं कारण म्हणजे आपल्याकडे चाळिशीतल्या बायकाच संख्येनं जास्त आहेत, सत्तरीतल्या कमी. चाळीस वर्षांच्या भारतीय बाईचा धोका चाळीस वर्षांच्या इंग्लिश बाईपेक्षा जास्त नाही. तरुण मुलींना विनाकारण घाबरवणारं हे वाक्य मागे घ्यायला हवं.

मग शहर आणि खेडं यांत फरक का? पहिला संशय सगळ्यांना हवा-पाण्याचा येतो. शहरात धूर, प्लास्टिक, फवारलेल्या भाज्या. खेड्यात शुद्ध हवा. (फवारणी मुळात होते ती खेड्यातच, पण हा विचार सहसा कुणी शेवटपर्यंत नेत नाही.) या संशयाला मुंबईच्याच वहीनं फार पूर्वी उत्तर दिलं आहे. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्या रुग्णांची धर्म आणि समाजाप्रमाणे वर्गवारी केली, तेव्हा पारशी बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण इतर समाजांपेक्षा ठळकपणे जास्त दिसलं. शहर तेच, समुद्रावरून येणारा वारा तोच, नळाचं पाणी तेच. वेगळं होतं ते बाईच्या आयुष्याचं वेळापत्रक. लग्न उशिरा किंवा नाहीच, मूल उशिरा, मुलं थोडी.

हे वेळापत्रकच या आजाराच्या गाभ्याशी आहे, आणि त्याची चाहूल तीनशे वर्षांपूर्वीच लागली होती. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे वैद्य होते. कोणत्या कामधंद्याला कोणता आजार चिकटतो यावर त्यांनी आयुष्यभर लिहिलं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी नोंदवून ठेवलं की मठातल्या जोगिणींना स्तनाचा कॅन्सर फार होतो. का, ते त्यांना कळणं शक्य नव्हतं. १९२६ साली इंग्लंडमध्ये जॅनेट लेन-क्लेपन या डॉक्टर बाईंनी आजार झालेल्या ५०० आणि न झालेल्या ५०० बायकांना एकसारखे प्रश्न विचारले: लग्न कधी, मुलं किती, पाजलं किती दिवस? अशी आमनेसामने तुलना करण्याची पद्धत आज जगभर वापरली जाते, आणि तिचा पहिला नीटस नमुना या आजारावरचा आहे याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. पुढे १९७० साली ब्रायन मॅकमहॉन यांनी बोस्टनपासून टोकियोपर्यंत सात ठिकाणच्या बायकांचा अभ्यास छापला. पहिलं मूल अठराच्या आत झालेल्या बाईला, पस्तिशीनंतर झालेल्या बाईच्या तुलनेत धोका साधारण एक तृतीयांश. आणि २००२ साली ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून जो हिशेब मांडला गेला, त्यात दर बाळंतपणामागे धोका ७ टक्क्यांनी आणि अंगावर पाजण्याच्या दर बारा महिन्यांमागे ४.३ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं.

शरीरात घडतं ते असं. पाळी सुरू झाल्यापासून ती जाईपर्यंत दर महिन्याला स्तनातल्या पेशी स्त्रीसंप्रेरकांच्या हुकमानं वाढतात आणि मागे येतात. प्रत्येक वाढीत चुकीची थोडी थोडी शक्यता. पहिलं बाळंतपण पूर्ण झालं की या पेशी पक्व होतात, त्यांचा कोवळेपणा जातो, बिघडण्याची तयारी कमी होते. पाजण्याच्या काळात पाळी बराच काळ बंद राहते. ज्या बाईची पाळी तेराव्या-चौदाव्या वर्षी आली, विसाव्याच्या आत पहिलं मूल झालं, मग आणखी चार झाली आणि प्रत्येकाला तिनं दोन-दोन वर्षं पाजलं, तिच्या आयुष्यात पाळ्याच मुळी कमी. मोठ्या आईची पिढी अशी होती. याच्या जोडीला उशिरा जाणारी पाळी, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा आणि दारू हेही धोका वाढवतात. टाटा स्मारक रुग्णालयातल्या एका मोठ्या अभ्यासात तर एकूण वजनापेक्षा पोट-कमरेवर साठलेली चरबी जास्त घातक दिसली, आणि त्यात शहरातली बाई आणि खेड्यातली बाई असा भेद नव्हता. आनुवंशिक दोषामुळे होणारे कॅन्सर शंभरात पाच-दहा. त्यांच्यावर या पुस्तकात वेगळं प्रकरण आहे.

आता इथे माझं मत स्पष्ट सांगते. खेड्यातल्या कमी आकड्यावर "जुनी माणसं शहाणी होती, लवकर लग्न, भरपूर पोरं, म्हणून रोग नव्हते" असं भाषण मी दोनदा व्यासपीठावरून ऐकलं आहे. एकदा तर समोर शाळकरी मुली बसल्या होत्या. ज्या जगण्यानं मोठ्या आईच्या पिढीला स्तनाच्या कॅन्सरपासून थोडं लांब ठेवलं, त्याच जगण्यानं तिला गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या दारात उभं केलं. लहान वयातलं लग्न, लागोपाठ बाळंतपणं, पाळीसाठी धड कापड नाही, अंघोळीला आडोसा नाही. बार्शीच्या पहिल्या पानावर तोच कॅन्सर सर्वांत वर होता, तो काही योगायोग नाही. रक्त कमी झालेल्या, बाळंतपणात गेलेल्या बायका तर या वहीत येतच नाहीत. बीड, परभणी हे जिल्हे आजही राज्यात बालविवाहासाठी ओळखले जातात. तिथल्या स्तनाच्या कॅन्सरचा कमी दर ही कुणाची कमाई नाही. मुलीच्या शिक्षणाची, तिनं उशिरा लग्न करण्याची किंमत म्हणून हा आजार तिच्या गळ्यात मारू नये. धोका थोडा वाढतो हे खरं आहे, आणि वेळेत सापडला तर तो बरा होतो हेही तितकंच खरं आहे.

शिवाय तो कमी दर टिकणारही नाही. महाराष्ट्रात आता एका बाईमागे सरासरी १.७ मुलं. खेड्यातही दोन मुलांवर थांबतात. मुलींची पाळी लवकर येते, घरात बसून खाणं वाढलं आहे, शेतावरचं चालणं कमी झालं आहे. मोठ्या आईला पाच मुलं, तिच्या लेकीला दोन, नातीला तिशीत एक. तीन पिढ्यांत एका घराचा धोका मुंबईच्या दिशेनं सरकला. यासाठी गाव सोडावं लागत नाही. जे सोडून जातात त्यांचंही तेच. जपानी बायका अमेरिकेत स्थायिक झाल्या तेव्हा त्यांच्या लेकी-नातींचे आकडे हळूहळू तिथल्या आकड्यांजवळ गेले. इंग्लंडमधल्या दक्षिण आशियाई बायकांमध्ये हे प्रमाण अजून गोऱ्या बायकांपेक्षा कमी आहे, पण फरक आक्रसतो आहे. लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या मराठी वाचकांनी हे वाक्य जरा लक्षपूर्वक वाचावं.

जास्त आकडा असलेल्या ठिकाणीही आकडा सरळ बोलत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पुलापलीकडे मरिन नावाचा सधन परगणा आहे. गेल्या शतकाच्या शेवटी तिथे स्तनाच्या कॅन्सरचं प्रमाण इतकं वर गेलं की लोकांनी पाण्यावर, मातीवर संशय घेतला, मोहिमा काढल्या. उलगडत गेलं ते असं की तिथल्या बायका शिकलेल्या, उशिरा आई झालेल्या, नियमित मॅमोग्राफी करणाऱ्या आणि पाळी गेल्यावर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या होत्या. २००२ साली एका मोठ्या चाचणीत या गोळ्यांचा धोका उघड झाला, बायकांनी त्या धडाधड बंद केल्या, आणि पुढच्याच वर्षी साऱ्या अमेरिकेतला दर खाली आला. म्हणजे एखाद्या भागाचा आकडा डॉक्टरच्या चिठ्ठीनंही वर-खाली होतो.

आता मूळ प्रश्न. बार्शी-बीडचा आकडा कमी आहे, तर तिथली बाई सुरक्षित आहे का?

जागतिक आरोग्य संघटनेचा एक हिशेब आहे. अत्यंत विकसित देशांत आयुष्यभरात १२ बायकांमागे एकीला हा आजार होतो आणि ७१ बायकांमागे एक त्यानं मरते. सर्वांत मागास देशांत २७ बायकांमागे एकीलाच तो झाल्याचं कळतं, पण ४८ बायकांमागे एक मरते. हे दोन जोडआकडे मी कितीतरी दिवस टेबलासमोर भिंतीवर लिहून ठेवले होते. जिथे आजार कमी, तिथे मरण जास्त. भारताचा २०२२ सालचा अंदाज: नव्या रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार, मृत्यू सुमारे ९८ हजार. दोघींमागे एक. ब्रिटनमध्ये हेच प्रमाण पाचजणींमागे एक आहे.

आजाराचा नकाशा आणि मरणाचा नकाशा असे दोन वेगळे नकाशे आहेत, आणि आपण कायम पहिलाच भिंतीवर लावतो. पहिल्या नकाशावर गडद असलेली शहरं दुसऱ्यावर फिकट होतात. पहिल्यावर फिकट असलेले तालुके दुसऱ्यावर आपली खरी छटा दाखवतात. माग काढता काढता हे पुस्तक पोचलं ते इथे. फिकट रंगातला काही भाग खरोखर कमी आजाराचा आहे. काही भाग न लिहिलेल्या आजाराचा आहे. तो किती हे मोजायचं तर आधी वही हवी.

देशाच्या आतसुद्धा हे दिसतं. अलीकडे ११ नोंदणी केंद्रांच्या वह्यांवरून, आजार कळल्यावर पाच वर्षांनी किती बायका हयात होत्या याचा हिशेब निघाला. सरासरी ६६.४ टक्के. मिझोराममध्ये ७४.९, अरुणाचलातल्या पासीघाटमध्ये ४१.९. दोन्ही ईशान्येकडचे डोंगरी भाग, दोन्हीकडे रस्ते अवघड. म्हणजे फक्त अंतर आणि गरिबी म्हणून विषय संपत नाही.

बाई उशिरा का येते? आपल्याकडे निम्म्याहून जास्त बायका दवाखान्यात पोचतात तेव्हा आजार स्तनाबाहेर काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला असतो. दुखत नाही, हे पहिलं कारण. दाखवायचं कुणाला, हे दुसरं. पुरुष डॉक्टरपुढे पदर बाजूला करायचा, तोही नवरा बाहेर बसलेला असताना. सुई टोचली की गाठ पसरते, हा समज तर शिकलेल्या घरांतही आहे. त्यापायी बायोप्सी टाळून वर्ष वर्ष काढलेल्या बायका मला भेटल्या. मग सुगी, मग लेकीचं लग्न, मग म्हशीचं दूध काढायला कुणी नाही. "टाटाला नेलं" हे आपल्याकडे अजूनही शेवटचं वाक्य असल्यासारखं बोललं जातं. ते पहिलं वाक्य असतं तर बऱ्याच बायका परत आल्या असत्या.

आणि तरीही बाई येते, तिच्यापर्यंत कुणी गेलं तर. याचे दोन पुरावे आपल्याच राज्यात आहेत, आणि जगानं त्यांच्याकडे मान वळवून पाहिलं आहे. एक उस्मानाबाद जिल्ह्यातला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयानं टाटा स्मारक केंद्र आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्था यांच्याबरोबर १९९९ साली सुरू केलेल्या चाचणीत तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका होत्या. तपासणी गर्भाशयाच्या मुखाची. म्हणजे स्तनापेक्षाही अवघड, जास्त लाजेची. ज्यांना बोलावलं त्यांतल्या दहापैकी जवळपास आठजणी आल्या. हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्याच्या एकाच तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले. त्या जिल्ह्यात तपासणीला कुणी येणार नाही, असं सांगणारे लोक तेव्हा होतेच.

दुसरा पुरावा मुंबईच्या झोपडवस्त्यांमधला. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांना घेऊन काम सुरू केलं. मॅमोग्राफीचं यंत्र नाही, वीज नाही, फिल्म नाही. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी बाईचे स्तन हातानं, नेमक्या पद्धतीनं तपासत. वीस वर्षांचा निकाल २०२१ साली छापून आला. ज्या वस्त्यांत तपासणी झाली तिथे आजार लवकरच्या पायरीवर सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये असा फायदा दिसला नाही. तेही त्यांनी तितक्याच सरळपणे लिहिलं. या निकालाबद्दल मराठीत जेवढं लिहून यायला हवं होतं त्याचा दहावा हिस्साही आला नाही. पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण त्याच्यावर आहे. कारण त्यात जे साधन वापरलं, ती शिकवलेली बोटं, ती प्रत्येक उपकेंद्रात असू शकतात.

बार्शीच्या वहीनंही हेच फार आधी दाखवलं होतं. तिथली माणसं दवाखान्यात बसून रुग्णाची वाट पाहत नव्हती. गावोगाव जात, चावडीवर, देवळात, बायकांच्या घोळक्यात बसत. अंगावरून रक्त जातं का, गाठ आहे का, तोंडात न भरणारी जखम आहे का, असं विचारत. वही भरण्यासाठी म्हणून गेले, पण विचारण्यामुळेच बायका लवकर येऊ लागल्या. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आधीच्या पायरीवर सापडू लागला, आणि तसं त्यांनी १९९५ साली छापलंही. मोजायला गेलेला माणूस दारात उभा राहिला, एवढ्यानंच मोजायची गोष्ट बदलली. मी या नोंदणीच्या प्रेमात आहे, हे वाचकाला आतापर्यंत कळलं असेल.

पुस्तक छापायला जाण्याआधी, गेल्या उन्हाळ्यात, माझी ती चुलत बहीण पुण्याला माझ्याकडे आली होती. आता ती साठीत आहे. गावच्या आशाताईंनी तीस वर्षांपुढच्या बायकांची यादी करताना तिला विचारलं होतं: स्तनात गाठ लागते का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदललाय का? तिन्ही प्रश्नांना नाही म्हणून आल्यावरही तिला चैन पडेना. म्हणून मी तिला तपासणीला घेऊन गेले. केसपेपर करणारी मुलगी विशी-बाविशीची होती. नाव, वय, पाळी कधी गेली, मुलं किती, पाजलं किती, असं भराभर विचारत गेली. मग म्हणाली, "घरात कुणाला कॅन्सर होता का, आजी? आई, बहीण, मावशी?"

बहीण माझ्याकडे पाहायला लागली. मी काही बोलले नाही.

"आईला होता," ती म्हणाली. "डाव्या बाजूला."

"कोणत्या साली?"

"एक्याण्णवला कळलं. आधीची दोन वर्षं तिनं अंगावरच काढली."

मुलीनं मान खाली घालून रकाना भरला. बहीण पुढे वाकली, चष्मा वर केला आणि लिहिलेलं वाचलं. मग मुलीला म्हणाली, "नाव पण लिही तिचं." रकान्यात नावाला जागा नव्हती. त्या मुलीनं समासात लिहिलं.